कमरेचा हिशेब

इंग्लंडच्या उत्तरेला, पेनाइन डोंगरांच्या एका अरुंद दरीत टॉडमॉर्डन नावाचं गाव आहे. वस्ती पंधरा-एक हजार. गावातून कालवा जातो, रेल्वे जाते आणि एके काळी लँकेशायर व यॉर्कशायर या दोन परगण्यांची हद्दही गावातूनच जायची. फील्डन या गिरणीमालक घराण्यानं १८७५ मध्ये इथं टाउन हॉल बांधला, तो नेमका या हद्दीवर. त्याच्या दर्शनी भागावर दोन बायका कोरलेल्या आहेत : एक कापसाच्या लँकेशायरची, दुसरी लोकरीच्या यॉर्कशायरची. आत नाच रंगला आणि एखादी जोडी गिरक्या घेत या टोकाकडून त्या टोकाला गेली, की तिचा परगणा बदलायचा. १८८८ मध्ये हद्द सरकवून सगळं गाव यॉर्कशायरात घातलं आणि ती गंमत संपली.

बेली डान्सचा क्लास मात्र टाउन हॉलमध्ये भरत नाही. तो एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये असतो, मंगळवारी संध्याकाळी. माझी मामी तिथं जाते. ती हॅलिफॅक्सच्या रुग्णालयात मिडवाइफ होती; निवृत्त झाल्यावर बागकाम, विणकाम वगैरे वाटा सोडून तिनं ही वाट धरली. मामांना या विषयावर मत नाही. मंगळवारी टीव्हीचा रिमोट आपल्या हातात असतो, एवढंच ते सांगतात.

या उन्हाळ्यात माझी मावशी, म्हणजे मामीची नणंद, पुण्याहून आली होती. तिनं जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला आणि सुट्ट्यांमध्ये नारायणगावच्या राहुट्यांत बसून तमाशातल्या बायकांच्या आठवणी टिपून घेतल्या. मामीनं तिला क्लास बघायला नेलं, मीही गेले. परत आल्यावर स्वयंपाकघरात दोघींची जी जुंपली, ती दोघींच्या संमतीनं खाली देते आहे. मामी नणंदेला 'वन्सं' म्हणते ते थोडं गमतीनं. आमच्याकडे आता दुसरं कुणी तो शब्द वापरत नाही.

आधी क्लासबद्दल थोडं. लाकडी जमीन, भिंतीशी रचलेल्या खुर्च्या, चहाचं मोठं पिंप, लहान मुलांच्या खेळगटाची चित्रं. बायका डझनभर, धाकटी तिशीतली, थोरली ऐंशीला टेकलेली. टी-शर्ट, लेगिंग, पायात मोजे किंवा तेही नाहीत, आणि कमरेला नाणी शिवलेला रुमाल. हॉलला आरसा नाही आणि मामीच्या मते हीच इथली सगळ्यात मोठी सोय. बाईंनी पहिल्यांदा गुडघे सैल सोडायला लावले. मग छाती जागच्या जागी ठेवून नुसती कंबर डावी-उजवीकडे. मग कमरेनं हवेत आडवा आठ, नंतर उभा आठ. मग एका बाजूचा कुल्ला उचलून ठेक्यावर खाली टाकायचा. शेवटी शिमी : गुडघे आळीपाळीनं भराभर पुढं-मागं केले की ती थरथर कमरेत चढते आणि नाणी वाजू लागतात. ताल मकसूम. दुम-तक, तक-दुम, तक. डाव्या-उजव्याचा घोळ सगळ्यांचाच होत होता आणि त्यावर मोकळेपणानं हसणं चाललं होतं.

मावशी : बायका छान होत्या गं. पण वहिनी, त्या हॉलमध्ये इजिप्त कुठं होतं?

मामी : गाण्यात होतं.

मावशी : बस, तेवढंच.

मामी : तेवढं कमी वाटतं तुम्हाला? वाजत होता तो होसाम रम्झी. कैरोचा माणूस, इंग्लंडला येऊन राहिला. पीटर गॅब्रिएलबरोबर वाजवलं, लेड झेपलिनच्या पेज आणि प्लँटबरोबर वाजवलं, आणि नाचणाऱ्यांसाठी रेकॉर्डमागून रेकॉर्ड काढल्या. २०१९ मध्ये गेला. इथल्या कितीतरी बायकांचे कान त्यानं तयार केलेत. आधी मला सगळी अरबी गाणी एकसारखी वाटायची. आता मकसूम संपून सईदी सुरू झाला की पाय सांगतात.

मावशी : आणि चहाच्या वेळी तुझ्या बाई जे सांगत होत्या त्याचं काय? हा नाच म्हणे पाच हजार वर्षांचा, देवीच्या देवळात बाळंतिणीभोवती बायका नाचायच्या. थडग्यांतल्या चित्रांत नाचणाऱ्या बायका आहेत, नाही कोण म्हणतं. पण त्या चित्रांपासून आजच्या शिमीपर्यंत सलग धागा कुणी दाखवलाय? माझ्या वर्गात कुणी असं बोललं असतं तर मी संदर्भ आणेपर्यंत त्याला उभं ठेवलं असतं.

मामी : पुराव्याचं तुम्ही बघा. मी जन्मभर बाळंतपणं केली. कळा सुरू झालेल्या बाईला उताणी झोपवून ठेवू नका, तिला हिंडू द्या, मोठ्या चेंडूवर बसून कंबर गोल फिरवू द्या, हे आम्ही रोज सांगायचो. बाईंनी पहिल्यांदा तो आडवा आठ काढायला लावला तेव्हा मला हसूच फुटलं. अगं, हे मी दुसऱ्यांना शिकवत आले आणि स्वतः कधी केलं नाही! आपल्याला काय शिकवलं होतं? सरळ चाल, ठुमकत चालू नकोस. दोन मुलं झाली, पाळी गेली, पाठीचं दुखणं लागलं, तरी माझी कमरेशी ओळख कसली, तर दुखते तेवढी.

मावशी : मग त्याला व्यायाम म्हण. मी टाळ्या वाजवीन. नाच म्हटलास की त्याच्या मागून नाचणारी येते, आणि तिचं नाव त्या हॉलमध्ये एकदाही निघालं नाही.

मामी : कुठली नाचणारी?

मावशी : पोटासाठी नाचणारी. तू बाळंतपणाचं काढलंस म्हणून सांगते. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट ठाऊक आहे ना? दिवस भरलेले, फडावर नाचताहेत, मध्येच कळा सुरू. पडद्यामागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली, पोट आवळून बांधलं आणि पुन्हा बोर्डावर उभ्या. लोकांच्या लक्षात आलं तेव्हा लोकांनीच हात जोडून खेळ थांबवला, असं सांगतात. नाच आणि बाळंतपण यांचं नातं मला विचारशील तर ते हे आहे. देवीचं देऊळ नाही. रात्रीचा खेळ बुडाला तर उद्या फडानं खायचं काय, हे आहे.

मामी : वार पडली होती का तोवर?

मावशी : काय?

मामी : वार. नाळ तोडली म्हणजे बाळंतपण संपलं असं नसतं. वार पडायला अर्धा तासही लागतो आणि जिवाचा धोका असतो तो त्याच वेळात. रक्त थांबलं नाही तर बाई बघता बघता जाते. त्याच्या आधी ती उभी राहिली असेल, नाचली असेल, तर जगली हेच नशीब. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन. सगळे धीराची बाई, कलेची निष्ठा म्हणून सांगतात. हा प्रश्न एकालाही पडला नाही?

मावशी : सांगणारे बहुतेक पुरुष असतात.

(इथं थोडा वेळ दोघी गप्प होत्या. मावशीनं चष्मा पुसला आणि मामीनं उगाचच ओटा. माझ्या हिशेबी त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं बोलणं झालं ते एवढंच, आणि ते वादात नव्हतंच. एकीनं गोष्ट आणली होती, दुसरीनं ती आतून तपासली. पण मावशी इतक्यावर थांबणारी नव्हे.)

मावशी : इजिप्तमध्ये वेगळं काय झालं? १८३४ साली मोहम्मद अली पाशानं नाचणाऱ्या बायकांना कैरोतून हाकललं. दक्षिणेला, इस्ना आणि केनासारख्या गावांना. कैरोत त्यांच्या जागी बायकांचा वेष घेतलेले पुरुष नाचू लागले. म्हणजे नाच नको होता असं नाही, बाई नको होती. पुढं १८५० मध्ये फ्रेंच लेखक फ्लोबेर इस्नाला गेला, तिथं त्याला कुचुक हानेम भेटली. तिच्यावर त्यानं पानंच्या पानं लिहिली. तिनं स्वतःबद्दल सांगितलेलं काही आपल्या हाती आहे का? एडवर्ड सैदनं १९७८ मध्ये 'ओरिएंटॅलिझम' लिहिलं तेव्हा नेमकं तिथं बोट ठेवलं. बोलणारा तो, बघणारा तो, पैसे देणारा तो.

मामी : आणि त्याच सैदनं तहिया कारिओकावर लेख लिहिला, तो?

मावशी : तू वाचलास?

मामी : क्लासमधल्या एकीनं आणून दिला. निवृत्त ग्रंथपाल आहे ती. 'लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये १९९० साली आलाय. शाळकरी वयात त्यानं कैरोत तिचा नाच पाहिला होता, आणि पन्नाशी उलटल्यावरही तो विसरला नव्हता. त्याचं म्हणणं, या नाचातली कला कमीत कमी हलण्यात आहे. आमच्या बाई हेच कानीकपाळी ओरडतात, कमी करा, अजून कमी. पाश्चात्त्यांनी पूर्वेकडं कसं बघितलं त्याची चिरफाड ज्यानं केली, तो माणूस बेली डान्सपुढं हात जोडून उभा आहे. मग मला कशाला धरता?

मावशी : कारण त्याला नाचणारीचं नाव माहीत होतं. तिचे सिनेमे माहीत होते, तिची लग्नं माहीत होती, तिचं राजकारण माहीत होतं. डाव्या चळवळीपायी ती १९५३ मध्ये तुरुंगात गेली होती. सांगतात तुझ्या बाई हे?

मामी : नाही सांगत.

मावशी : बघ.

(मावशीचा हा 'बघ' तिच्या विद्यार्थ्यांना आजही आठवत असणार.)

मामी : बघितलं. पण तुम्ही इजिप्त, इजिप्त म्हणता ते तरी कुठलं? बदिया मसाबनी काही कैरोची नव्हती, शामकडची, म्हणजे सीरियाकडची होती. १९२६ मध्ये तिनं कैरोत स्वतःचं नाट्यगृह थाटलं. चार माणसांच्या घोळक्यात होणारा नाच तिथं मोठ्या रंगमंचावर आला. हात वर गेले, बॅलेतल्या गिरक्या आल्या, दक्षिण अमेरिकेतले ठेके आले, ते चमचमणारे दोन तुकड्यांचे कपडे आले. तहिया आणि सामिया गमाल दोघी तिच्याकडंच घडल्या. पुढं १९५९ मध्ये महमूद रेदानं आपली मंडळी काढली, तो तर हॉलिवूडच्या जीन केलीवर फिदा होता. कैरोनं पॅरिसकडून घेतलं, हॉलिवूडकडून घेतलं, आणि टॉडमॉर्डननं कैरोकडून घेतलं तर लगेच चोरी?

मावशी : चोरी मी म्हटलंच नाही. घेताना कोण कुणाच्या छातीवर बसलं होतं, एवढं विचारते. १८८२ पासून इजिप्तमध्ये इंग्रजांचं सैन्य होतं. शेवटची तुकडी निघाली १९५६ मध्ये. बदियाच्या नाट्यगृहात खुर्च्यांवर साहेबही बसायचे. त्यांना काय आवडतं हे बघून नाच घडला असेल, तर त्याला देवाणघेवाण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

इथं मला राहवलं नाही. दोघींच्या बोलण्यात कापूस कसा आला नाही याचं मला नवल वाटत होतं. मामीचं घर म्हणजे गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या दगडी रांगेतलं एक. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालू होती, तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या. मग कापूस आणायचा कुठून, तर नाईलच्या खोऱ्यातून आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशातून. भाव आभाळाला भिडले. मुंबईत त्या पैशावर शेअरचा जुगार रंगला आणि १८६५ मध्ये तो फुगा फुटला. इजिप्तचा खेदिव इस्माईल त्याच कापसाच्या भरवशावर कर्ज काढत गेला, १८७६ मध्ये राज्याचं दिवाळं वाजलं आणि सावकारांच्या पाठोपाठ सहा वर्षांनी सैन्य आलं. टॉडमॉर्डनच्या बायकांनी इजिप्तशी संबंध मंगळवारच्या क्लासमध्ये नव्यानं जोडला असं नाही, त्यांच्या पणज्यांनी तो मागावर जोडला होता. आणि अमरावतीच्या बाजारातली गाठडी त्याच गिरण्यांत येऊन पडत होती, म्हणजे आपण तिघीही त्या संबंधात आहोत. असं मी जरा तावातावानं बोलले.

मावशी : संबंध आहे म्हणून हक्क येत नाही. संबंध सावकाराचाही असतो.

माझा विषय तिथंच संपला.

मामी : बरं, हक्काचं राहू द्या. इथल्या बायकांना तरी हे फुकट मिळालं का? १९०८ मध्ये मॉड ॲलन लंडनच्या पॅलेस थिएटरात सालोमेचा नाच करत होती, अनवाणी, मोत्यांच्या माळांत. लंडन वेडं झालं, आणि मँचेस्टरच्या वॉच कमिटीनं तिला गावात नाचू दिलं नाही. मँचेस्टर इथून रेल्वेनं अर्ध्या तासावर. ज्या भागात बाईच्या उघड्या पायांनी समिती हादरली, तिथं आज सत्तरीची बाई चर्चच्या हॉलमध्ये पोट हलवते. चर्चनंच किल्ली दिली आहे. मला हे लहान वाटत नाही.

मावशी : लहान नाहीच. पण मॉड ॲलन कॅनडाची. माळा उतरवल्या की ती पुन्हा मिस ॲलन. कुचुक हानेमला आपल्या नावातून बाहेर पडायची सोय नव्हती. मी म्हणते ती गोष्ट हीच. इथल्या बायका क्लासपुरतं काहीतरी होतात आणि साडेआठला घरी जातात. काही जणी तर अरबी नावंसुद्धा घेतात ना?

मामी : घेतात. घ्यायच्या. २०१४ मध्ये रांदा जर्रार या अरब वंशाच्या अमेरिकी लेखिकेनं गोऱ्या बेली डान्सरांवर झोड उठवली, तो लेख आमच्याकडं फिरला. भांडण झालं, एक बाई क्लास सोडून गेली, दुसरीनं अरबी नाव टाकून दिलं. मला तो लेख अर्धा पटला. नाव घेऊ नये, काजळ फासून हजार रात्रींतली राणी होऊ नये, हे बरोबर. पण माझं काय करायचं ते त्यात नव्हतं. क्लासला नवीन बाई आली की ती सरळ माझ्याकडं येते आणि फी कुणाकडं द्यायची म्हणून विचारते. रंगावरून मीच शिक्षिका वाटते तिला. मी अजून इजिप्त पाहिलेलं नाही!

(यावर मावशी इतकी हसली की मामा टीव्ही सोडून दारात येऊन बघून गेले.)

मावशी : आता कैरोचं ऐक. मोठ्या हॉटेलांत आज कोण नाचतं? रशियाच्या, युक्रेनच्या, ब्राझीलच्या मुली. २००३ मध्ये सरकारनं परदेशी नर्तकींना परवाने देणं थांबवलं होतं, वर्षभरात ते मागं घ्यावं लागलं. इजिप्तची मुलगी नाचली तर भाऊ तोंड लपवतो. लग्नात मिरवायला नर्तकी हवी, सून म्हणून नको. बाहेरून आलेल्या मुलीला ते ओझं नाही, तिच्या गावी ती कलावंत.

मामी : मग दोष इजिप्तच्या लोकांचा.

मावशी : दोष कुणाचाही असू दे. नाचाची मजा एकीला आणि बदनामी दुसरीला, अशी वाटणी आहे की नाही?

मामी : आहे. पण ती वाटणी टॉडमॉर्डननं शोधून काढलेली नाही. मागं तुम्ही आला होता तेव्हा मंडळाच्या गणपतीत 'वाजले की बारा' झालं. आयटीतल्या मुली, शिवलेली नऊवारी, पायांत पुण्याहून मागवलेले चाळ. तुम्ही पहिल्या रांगेत. शिट्टी तेवढी वाजवली नाहीत.

मावशी : येत नाही, नाहीतर वाजवली असती. वहिनी, तेच तर माझं दुखणं आहे. तुझ्या गोऱ्या मैत्रिणींवर माझा फारसा राग नाही, राग आपल्यावर आहे. स्वातंत्र्य मिळालं आणि मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, मग परिनिरीक्षण मंडळ बसवून वग तपासायला घेतले. २००५ मध्ये डान्स बार बंद केले. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ती बंदी उडवली, तोवर त्या बायका कुठं गेल्या याची चौकशी कुणी केली? आणि मधल्या काळात, २०१० मध्ये 'नटरंग' आला आणि लावणी सोसायटीच्या गच्चीवर चढली. त्याच्या पंधरा-सोळा वर्षं आधी किशोर शांताबाई काळेनं 'कोल्हाट्याचं पोर' लिहिलं होतं, बापाच्या जागी आईचं नाव लावून. ते पुस्तक आपल्या सगळ्यांच्या कपाटात आहे. त्याच घरातल्या मुली आज लावणीच्या शिबिराला जातात. जाऊ देत. पण शिकवायला कोण असतं? राहुटीत बसून सुपारी ठरवणाऱ्या बायकांपैकी किती जणींना कुणी सन्मानानं बोलावून, पैसे मोजून, शिकवायला उभं केलंय?

मामी : तुम्ही प्रत्येक नाच फडावर नेऊन उभा करता. सगळा नाच फडावरचाच असतो का? इजिप्तमध्ये घरोघरी बायका नाचतात. लग्नाच्या आदल्या रात्री, बारशाला, नुसत्या चार जणी जमल्या तरी. पुरुष नसतात, पैसे नसतात. आई नाचते, आजी नाचते, लेक बघून शिकते. तीही याच नाचाची परंपरा आहे की नाही? आपल्याकडं मंगळागौरीला आपण फुगड्या घातल्या, पिंगा घातला, कंबर मोडेस्तोवर नाचलो. तेव्हा तुम्ही आईला विचारलंत का, की तमाशातल्या बायकांचं काय? माझा क्लास त्या घरातल्या नाचाचा आहे. तिथं एक आहे, तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. एकीचा नवरा गेल्या वर्षी गेला. एक शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभी असते. त्यांना कुणी बघत नाही, म्हणून त्या येतात.

माझ्या मते हा मामीचा सगळ्यात बळकट मुद्दा. बदियाचं नाट्यगृह आणि आजीचा माजघरातला नाच हे एकाच नाचाचे दोन संसार आहेत. कुठल्याही एकाला खरा आणि दुसऱ्याला नकली ठरवता येत नाही. मावशीलाही ते जाणवलं असावं, कारण ती लगेच बोलली नाही. तिनं भांडणाची जागा बदलली.

मावशी : मान्य. माजघरातला नाच. मग पुढच्या महिन्यात त्या हॉलमध्ये तिकीट लावून काय करताय?

मामी : हफला. म्हणजे आमचा जलसा. खाणं, थोडा नाच. तिकिटाचे पैसे गावच्या हॉस्पिसला जाणार.

मावशी : सगळे?

मामी : सगळे. आम्ही कुणी एक पेनी घेत नाही.

मावशी : का गं? नाचून पैसे घेतले तर काय बिघडतं? हॉस्पिसला दिले की नाच चांगला, घरी नेले की वाईट, असंच ना? मंडळातही लावणी झाली की निधी कशासाठी तरी जातो. बायकांनी नाचावं, पण कमवू नये. वॉच कमिटी अजून आहे, वहिनी. तुमच्या डोक्यात बसली आहे.

मामीकडं याला उत्तर नव्हतं आणि तिनं तसा आवही आणला नाही. तिनं गॅसचं बिल उलटं केलं आणि पेन घेतलं. हिशेब तिचा आवडता. डझनभर बायका, माणशी आठ पौंड, त्यातून हॉलचं भाडं, संगीताचा परवाना, विमा. बाईंच्या हाती उरतं ते पेट्रोल आणि थोडं वर. बाई दिवसा दुसरीकडं नोकरी करतात ते त्यासाठीच.

मामी : हे बघा, पोटासाठी नाचणारी इथंही आहे, आणि तिचं पोट यावर भरत नाही. तुम्ही म्हणता तसं हफल्याचे अर्धे पैसे नाचणाऱ्यांना द्यायचे म्हटलं तर आधी त्याच नको म्हणतील. त्यांना लाज वाटेल.

मावशी : मग त्यांना देऊ नकोस. कैरोहून एखादी बोलाव. नाच सोडलेली, साठीची, तुमच्या वयाची. येण्याजाण्याचं तिकीट, व्हिसा, राहायला तुझी वरची खोली. दोन दिवस शिकवू दे आणि तिच्या हातात पाकीट ठेव, हॉस्पिसच्या डब्यात नको. चहाच्या वेळी देवीच्या गोष्टी ती सांगेल की भाड्याच्या, ते तिचं ती ठरवेल.

मामी : व्हिसा मिळेल का?

मावशी : नाही मिळाला तर निदान तुझ्या बायकांना ते तरी कळेल.

मामी : पंधराशे पौंड तरी लागतील. हफल्यातून एवढे निघत नाहीत.

मावशी : शंभर माझे धर. पेन्शनीतून.

मामी : लिहिले. पण मग पुढच्या मंगळवारी कोपऱ्यात खुर्चीवर बसून टिपणं काढायची नाहीत. रुमाल मी देते.

मावशी : माझा गुडघा दुखतो.

मामी : शिमी गुडघ्यातूनच येते, वन्सं.

मावशी : मग तर नाहीच.